मशीन तपासलं कोणी? बेअरिंगनं?

कारखान्यातलं इंग्रजी : लेखांक 7

गेल्या आठवड्यात शब्दांच्या चुका पाहिल्या. आज त्याहून फसवा प्रकार घेऊ. शब्द सगळे बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी वाक्य कोसळतं.

महाळुंग्याच्या एका कारखान्यात मी काही वर्षं क्वालिटीत होतो. एकदा दुपारी पाळी बदलताना एक डिप्लोमा झालेला ट्रेनी एट-डी रिपोर्टचा, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीवर कारण आणि उपाय लिहून द्यायच्या अहवालाचा, कागद घेऊन माझ्याकडे आला. रिपोर्ट ग्राहकाकडून परत आला होता. त्यातल्या एका वाक्याखाली रेघ होती आणि बाजूला दोनच शब्द होते : 'हू चेक्ड?' मूळ वाक्य असं :

'आफ्टर चेकिंग द मशीन, बेअरिंग वॉज फाउंड डॅमेज्ड.'

"सर, लिहिलंय की, तपासल्यावर म्हणून. आता आणखी काय लिहू?"

त्याचं म्हणणं मराठीपुरतं शंभर टक्के खरं होतं. 'मशीन तपासल्यावर बेअरिंग खराब निघालं' या वाक्यात बोट ठेवायला जागा नाही. आपलं '-ल्यावर' आणि '-ताना' मोठ्या मनाचं आहे. तपासणारा एक, खराब निघणारं दुसरंच, तरी दोघं एका वाक्यात सुखानं नांदतात. तपासणाऱ्याचं नावही घ्यावं लागत नाही, ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत ती सोय नाही. वाक्याच्या सुरुवातीला 'चेकिंग'सारखं रूप आलं, की स्वल्पविरामानंतर जे पहिलं नाम भेटेल ते त्या क्रियेचा कर्ता ठरतं. इथं भेटलं बेअरिंग. म्हणजे बेअरिंगनं मशीन तपासलं आणि तेच बिचारं खराब निघालं! व्याकरणात याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात. आपण लोंबता तुकडा म्हणू.

दुरुस्ती सोपी आहे. कर्त्याला बाहेर काढायचं : 'व्हेन वी चेक्ड द मशीन, वी फाउंड दॅट द बेअरिंग वॉज डॅमेज्ड.' आणि चूक ओळखायची युक्ती त्याहून सोपी. स्वल्पविरामानंतरच्या पहिल्या नामाला विचारायचं, 'हे काम तू केलंस का?' बेअरिंग, स्पिंडल, पार्ट यांपैकी कोणी 'हो' म्हणू शकत नसेल, तर वाक्य लोंबतंय.

त्याच रिपोर्टात पुढे ही माळ होती :

'द मशीन स्टॉप्ड सडनली, द ऑपरेटर इन्फॉर्म्ड मेंटेनन्स, मेंटेनन्स केम लेट, थर्टी टू पार्ट्स वेअर रिजेक्टेड.'

हेही मराठीत बोलून बघा. 'मशीन अचानक बंद पडलं, ऑपरेटरनं कळवलं, मेंटेनन्सवाले उशिरा आले, 32 पार्ट रिजेक्ट झाले.' चहाच्या टपरीवर कोणीही असंच सांगेल. आपल्या लिखाणाला विरामचिन्हांची सवय तशी उशिराच लागली. मोडीत तर शब्दसुद्धा तोडत नसत, रेघ ओढून ठेवायची आणि लिहीत सुटायचं. स्वल्पविराम, पूर्णविराम ही मंडळी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीकडून मराठीत आली आणि त्याचं श्रेय पुण्यात काम केलेल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. चिन्हं आपण घेतली, पण त्यांचे इंग्रजीतले कडक नियम काही आपल्या अंगवळणी पडले नाहीत. इंग्रजीत दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडलेली चालत नाहीत. एक तर पूर्णविराम द्या, नाहीतर 'अँड', 'बट', 'सो', 'बिकॉज' असा जोडणारा शब्द आणा.

"मग कुठला शब्द घालू?" ट्रेनीनं विचारलं.

मी म्हटलं, "ते मला काय विचारतोस? 32 पार्ट मेंटेनन्सच्या उशिरामुळे गेले का?"

"नाही हो सर. ते आधीच निघाले होते. टूल झिजलं होतं."

बघा, म्हणजे स्वल्पविरामानं मेंटेनन्सवाल्यांवर उगाच आळ घेतला होता. घटना एकापुढे एक मांडल्या, की वाचणारा त्यांत कारण शोधतो. जोडणारा शब्द लिहायचा म्हटलं, की लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं की कशामुळे काय झालं. दुरुस्त वाक्य असं झालं : 'थर्टी टू पार्ट्स वेअर रिजेक्टेड बिकॉज द टूल वॉज वोर्न.' मशीन बंद पडण्याची हकीकत वेगळ्या वाक्यांत गेली.

इथं एक सावधगिरी. मराठीत 'कारण टूल झिजलं होतं.' हे स्वतंत्र वाक्य म्हणून खपून जातं. इंग्रजी रिपोर्टात 'बिकॉज द टूल वॉज वोर्न.' एवढंच लिहून पूर्णविराम दिला तर तो नुसता तुकडा राहतो. त्याला मुख्य वाक्याला जोडूनच ठेवा. तसंच आपल्या 'जरी-तरी'च्या जोडीचं. 'ऑल्दो' लिहिलं की पुढे 'बट' नको, दोघांपैकी एकच पुरे.

आणखी एक चूक मोठमोठ्या साहेबांच्या मेलमध्येही सापडते : 'द लिस्ट ऑफ पार्ट्स आर अटॅच्ड.' मराठीत 'पार्टांची यादी जोडली आहे' म्हणताना 'यादी' क्रियापदाला खेटून बसते, म्हणून लिंग-वचन चुकत नाही. इंग्रजीत 'ऑफ पार्ट्स' मध्ये घुसतं आणि कान त्या 'पार्ट्स'वर फसतो. 'ऑफ'पासूनचा भाग बोटानं झाका. उरते 'लिस्ट', म्हणून 'इज'.

कोणी म्हणेल, समजलं म्हणजे झालं, एवढा काथ्याकूट कशाला? पण आपल्या चाकण पट्ट्याकडे बघा. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना 2009 साली सुरू झाला. अशा कंपन्यांमुळे इथला मेल कधी जर्मनीत उघडतो, कधी कोरियात. म्हणजे वाचणाऱ्याचीही मातृभाषा इंग्रजी नाही. तो समजून घेणार नाही, लिहिलंय तेच वाचणार. विमान उद्योगानं ही अडचण ओळखून 1980च्या दशकात एक नियमावली बांधली, तिला आज सिंप्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात. तिच्यात कामाच्या सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त 20 शब्दांचं आणि वर्णनाचं 25 शब्दांचं. एका वाक्यात शक्यतो एकच सूचना. हँडओव्हर रजिस्टरसाठी हाच नियम आजपासून लावून बघा.

या आठवड्याचा अभ्यास : 'व्हाइल टायटनिंग द बोल्ट, द थ्रेड गॉट डॅमेज्ड, देअरफोर अ न्यू बोल्ट वॉज युज्ड.' यात आजच्यापैकी दोन चुका आहेत. एक सूचना देऊन ठेवतो. 'देअरफोर' दिसायला जोडणारा शब्द आहे, पण स्वल्पविरामाच्या मदतीनं दोन वाक्यं पेलायची ताकद त्याच्यात नाही.

पहिली चूक दुरुस्त करायला बसाल तेव्हा अडाल, कारण बोल्ट कोणी आवळला ते वाक्यात नाहीच. खऱ्या रिपोर्टात असं अडलात, तर डिक्शनरी उघडू नका. आधीच्या पाळीतल्या माणसाला फोन करा.

पुढच्या लेखांकात : 'व्हेन मटेरियल विल कम?' आणि प्रश्नार्थक वाक्यांची उलटापालट.