विश्लेषण : घरातला छोटा स्टोरेज सर्व्हर घ्यायचा, तर हार्डवेअर कसे पारखावे?

गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली. तेव्हापासून १५ जीबीच्या मोफत जागेत फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह या तिघांना भागवावे लागते. ती जागा भरली की दरमहा पैसे मोजा, नाहीतर जुने फोटो काढून टाका, एवढेच पर्याय उरतात. त्यामुळे घरात किंवा दुकानात कायम चालू राहणारी, कमी वीज खाणारी स्वतःची साठवण पेटी ठेवण्याकडे अनेकांचा कल वाढला आहे. मात्र यूट्यूबवर दिसणाऱ्या बहुतेक चाचण्या थंड खोलीत आणि अखंड विजेवर झालेल्या असतात. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यासारख्या गावात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि वादळी पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. अशा ठिकाणी पेटी घेताना नेमके काय तपासावे?

होम स्टोरेज सर्व्हर म्हणजे काय?

हा एक लहान संगणक असतो. त्याला पडदा किंवा कीबोर्ड लागत नाही. त्यात एक किंवा अधिक हार्ड डिस्क बसवलेल्या असतात आणि तो केबलने राउटरला जोडलेला असतो. घरातील प्रत्येक फोन आणि लॅपटॉप त्यावर फाइल ठेवू शकतो, त्यावरून वाचू शकतो. ‘नॅस’ या नावाने तयार पेट्या बाजारात मिळतात. ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट यांसारखी मोफत प्रणाली टाकून साध्या संगणकाचाही असा सर्व्हर करता येतो.

क्लाउड असताना त्याची गरज कोणाला?

मोजके फोटो असणाऱ्या कुटुंबाला क्लाउड पुरेसे आहे. गरज भासते ती लग्नसराईत चित्रीकरण करणाऱ्या स्टुडिओंना, कागदपत्रांचे स्कॅन सांभाळणाऱ्या दुकानांना आणि वर्षानुवर्षांचे व्हिडिओ असणाऱ्या घरांना. हिशेब सोपा आहे. फोरके चित्रीकरण १०० एमबीपीएस दराने केले, तर तासाला ४५ जीबी जागा लागते. दोन कॅमेरे प्रत्येकी सहा तास चालले, तर एका लग्नाचे ५४० जीबी होतात. इंटरनेटचा अपलोड वेग २० एमबीपीएस असेल, तर एवढा माल क्लाउडवर चढवायला सलग ६० तास लागतील. घरातल्या गिगाबिट केबलवरून हेच काम साधारण दीड तासात उरकते.

इथे एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. अनेक स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. तसे असेल तर दीड तासाचे काम तेरा तासांवर जाते आणि कितीही महाग सर्व्हर आणला तरी वेग वाढत नाही. म्हणून सर्व्हर घेण्याआधी राउटरचा पोर्ट गिगाबिटचा आहे का आणि केबलमधल्या आठही तारा जोडलेल्या आहेत का, हे तपासावे.

प्रोसेसर किती ताकदीचा हवा?

फाइल ठेवणे आणि परत देणे हे प्रोसेसरच्या दृष्टीने हलके काम आहे. २०२३ मध्ये बाजारात आलेला इंटेलचा एन१०० हा चार कोअरचा प्रोसेसर त्यासाठी पुरेसा ठरतो. व्हिडिओचे रूपांतर करण्याची स्वतंत्र सोयही त्यात आहे. त्याचा ६ वॅट हा आकडा जाहिरातीत ठळक दिसतो, पण तो फक्त प्रोसेसरचा असतो. मदरबोर्ड, मेमरी, पंखा, दोन मोठ्या डिस्क आणि अडॅप्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली, की पूर्ण पेटीचा वापर साधारण १५ ते २५ वॅट होतो.

२०२३ मध्येच आलेला रास्पबेरी पाय ५ याहून कमी वीज खातो. पण तो ५ व्होल्टवर चालतो आणि साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात. त्यामुळे एसएसडी किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेल्या एखाद्या बाहेरच्या डिस्कसाठी तो ठीक, चार डिस्कच्या पेटीसाठी गैरसोयीचा.

कार्यालयांतून निघालेले छोटे जुने डेस्कटॉप, म्हणजे मिनी पीसी, हाही चांगला पर्याय आहे. त्यातही साडेतीन इंची डिस्कला सहसा जागा नसते. डिस्क मग यूएसबीवर लावावी लागते आणि चोवीस तास चालणाऱ्या कामात यूएसबीची जोडणी हाच कच्चा दुवा ठरतो. म्हणून प्रोसेसरच्या नावाआधी दोन गोष्टी विचाराव्यात : साटाचे पोर्ट किती, आणि डिस्कला वीज कुठून मिळणार?

अडॅप्टर किती क्षमतेचा असावा?

चालू डिस्क ५ ते ८ वॅट घेते. पण थांबलेली डिस्क फिरायला लागते तेव्हा काही सेकंद तिला १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअर, म्हणजे २० वॅटच्या आसपास वीज लागते. दोन डिस्क एकदम सुरू झाल्या, तर ४० वॅटहून अधिक मागणी होते. पेटीसोबत १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा म्हणजे ३६ वॅटचा अडॅप्टर आला असेल, तर तो इथेच दमतो. पेटी मध्येच बंद पडते, डिस्क गायब होते आणि दोष मात्र डिस्कला दिला जातो. दोन डिस्कसाठी १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर घ्यावा. त्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का, हेही पाहावे.

विजेचे बिल किती वाढेल?

एक वॅट वर्षभर अखंड चालला, की ८.७६ युनिट होतात. १५ वॅटची पेटी वर्षाला सुमारे १३१ युनिट खाते, तर ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप ५२६ युनिट. सर्व आकार धरून युनिटला १० रुपये मानले, तर पहिल्याचा खर्च वर्षाला १३१० रुपये आणि दुसऱ्याचा ५२६० रुपये. चार वर्षांत हा फरक सुमारे १६ हजारांवर जातो. घरात पडून असलेला जुना संगणक त्यामुळे फुकटात पडत नाही.

महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर वाढतात. पेटीचे महिन्याचे ११ किंवा ४३ युनिट बिलात सर्वात वरच्या टप्प्यात मोजले जातात, हेही लक्षात घ्यावे.

खरा वापर घरी कसा मोजायचा?

प्लगमध्ये लावायचे वॅटमीटर मिळतात. ते नसेल तर घरचे वीज मीटरही चालते. मीटरवरचा लाल दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. मग इन्व्हर्टरसह घरातील सर्व उपकरणे बंद करून फक्त पेटी चालू ठेवावी आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजावेत. ११२५ ला त्या सेकंदांनी भागले, की वॅट मिळतात. ७५ सेकंद लागले तर वापर १५ वॅट, १९ सेकंदांच्या आत दिवा लागला तर सुमारे ६० वॅट. मोजणी पेटी निवांत असताना करावी. दिवसाचा बहुतांश वेळ ती तशीच असते.

डिस्क निवडताना काय पाहावे?

सर्वात जास्त पैसे डिस्कवर जातात आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात. पहिला मुद्दा लिहिण्याच्या पद्धतीचा. ‘सीएमआर’ डिस्कवर माहितीचे पट्टे शेजारी शेजारी असतात. ‘एसएमआर’ डिस्कवर ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त मावते, पण एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. दोन डिस्कची जोडी असताना एक बिघडली आणि नवी भरायला घेतली, की एसएमआर डिस्क फार वेळ घेते. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये ही पद्धत असल्याचे २०२० मध्ये उघड झाले आणि त्यावर मोठा वाद झाला. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. खरेदीपूर्वी डिस्कचा पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत तपासावा.

दुसरा मुद्दा जुन्या डिस्कचा. प्रत्येक डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. ती मोफत सॉफ्टवेअरने वाचता येते. डिस्क किती तास चालली, किती खराब जागा बदलून घेतल्या आणि किती जागा वाचता येत नाहीत, हे तीन आकडे पाहावेत. शेवटच्या दोन्हींत शून्य नसेल, तर ती डिस्क कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

नवी डिस्कही दगा देऊ शकते. लाखो डिस्क वापरणारी अमेरिकेतील बॅकब्लेझ ही कंपनी बिघाडांची आकडेवारी जाहीर करते. २०२४ मध्ये तिथे वर्षाला १.५७ टक्के डिस्क बिघडल्या, आणि त्याही थंड, सांभाळलेल्या इमारतीत.

विदर्भाच्या उन्हाळ्यात पेटी तगेल का?

घरगुती सर्व्हरसाठीच्या बहुतेक डिस्कची कमाल मर्यादा ६० ते ६५ अंश असते. दुपारी खोलीच ४० अंशांवर गेली आणि पेटीत हवा खेळती नसली, तर डिस्क सहज ५० च्या वर जाते. गुगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास केला, तेव्हा मध्यम तापमानाचा बिघाडाशी समजला जातो तेवढा संबंध दिसला नाही. फार जास्त तापमानात मात्र बिघाड वाढलेले आढळले. दारव्ह्याची मे महिन्यातली दुपार त्या दुसऱ्या गटात जाऊ शकते.

म्हणून पंखा नसलेल्या, दिसायला सुबक पेट्या इथे टाळलेल्या बऱ्या. मोठा, हळू फिरणारा पंखा एक-दोन वॅटच घेतो आणि डिस्क बरीच थंड ठेवतो. पेटी गच्चीखालच्या खोलीत किंवा बंद कपाटात ठेवू नये. तळमजल्यावरची आतली खोली उत्तम. कूलरसमोर ठेवण्याचा मोहही टाळावा. कूलरची हवा गार असली तरी दमट असते, तिच्यासोबत धूळ आणि पाण्यातले क्षार येतात आणि ते सर्किटवर बसतात. पंख्याची जाळी महिन्यातून एकदा साफ करावी.

‘लाइन’ गेल्यावर काय होते?

लिहिणे सुरू असताना वीज गेली, तर फाइल अर्धवट राहू शकते. अनेक घरांत इन्व्हर्टर असतो, पण वीज गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. इन्व्हर्टरला ‘यूपीएस मोड’ असेल तर तो लावावा, म्हणजे हे अंतर कमी होते. अधिक खात्रीसाठी यूएसबी जोडणी असलेला छोटा यूपीएस घ्यावा. बॅटरी उतरत आल्याची सूचना तो सर्व्हरला देतो आणि सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो. २० वॅटच्या पेटीला ६०० व्हीएचा साधा यूपीएस एवढा वेळ सहज देतो.

वीज परत आल्यावर पेटी आपोआप सुरू होते का, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. मदरबोर्डच्या बायोसमध्ये तशी सोय असते, पण काही स्वस्त मिनी पीसीमध्ये ती नसते. मुले पुण्याला आणि सर्व्हर दारव्ह्याला असेल, तर बटण दाबायला माणूस शोधावा लागतो. खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे.

वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा अर्थिंगची परीक्षा होते. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल, तर त्यात पाणी घालावे. फायबरची काचेची तार वीज वाहून आणत नाही, पण राउटरचा अडॅप्टर आणि तांब्याची लॅन केबल आणू शकते.

दोन डिस्क म्हणजे बॅकअप झाला का?

नाही. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी ‘रेड १’ रचना एक डिस्क बिघडली तर काम थांबू देत नाही, एवढेच. फाइल चुकून पुसली, व्हायरस आला, पेटी चोरीला गेली किंवा वीज पडली, तर दोन्ही प्रती एकदम जातात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम इथे कामी येतो : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. दारव्ह्यातल्या स्टुडिओने एक डिस्क महिन्यातून एकदा भरून यवतमाळच्या नातेवाइकांकडे ठेवली, तरी तिसरी अट पूर्ण होते. ही डिस्क हार्ड डिस्क असावी. बरीच वापरलेली एसएसडी विजेविना उष्ण जागी वर्षभर पडून राहिली, तर तिच्यातली माहिती टिकण्याची हमी उरत नाही.

मग पैसे कुठे घालावेत?

बजेट मर्यादित असेल तर क्रम असा ठेवावा : आधी चांगली सीएमआर डिस्क आणि बाहेर ठेवायची दुसरी प्रत, मग यूपीएस आणि पुरेसा अडॅप्टर, आणि उरलेल्या पैशांत पेटी. प्रोसेसर एक पिढी जुना असल्याने लग्नाचे फोटो जात नाहीत.

पेटी आणल्यावर लगेच मूळ फाइल त्यावर टाकून कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये. पहिला आठवडा चाचणीचा ठेवावा. डिस्क एकदा पूर्ण भरून वाचून पाहावी. दुपारी तीन वाजता तिचे तापमान नोंदवावे. ते ५० च्या वर असेल तर जागा किंवा पंखा बदलावा. डिस्क रिकामी असतानाच दोन-तीनदा प्लग काढून पेटी स्वतः सुरू होते का, ते पाहावे. दिवाळीत घेतलेल्या पेटीचे तापमान एप्रिल-मेमध्ये पुन्हा एकदा तपासावे, कारण हिवाळ्यातला आकडा उन्हाळ्यात उपयोगाचा नसतो.