परिषदेतलं भाषण पॉडकास्टमध्ये आणताना

परिषदांमधली उत्तमोत्तम भाषणं व्हिडिओंच्या ढिगात पडून राहतात. तीच पॉडकास्ट झाली तर लोकलमध्ये, स्वयंपाक करताना ऐकली जातील! पण नुसता ऑडिओ वेगळा काढून भागत नाही.

खरी अडचण स्लाइडची. वक्ता म्हणतो, "ही रेषा बघा, इथे कशी खाली आली." ऐकणाऱ्याला काय कळणार? अशा जागी निवेदकाच्या आवाजात एक वाक्य घाला: "पडद्यावरच्या आलेखात विक्री निम्म्यावर आलेली दिसते." श्रोत्यांनी माइकशिवाय विचारलेले प्रश्नही असेच पुन्हा रेकॉर्ड करा.

रेकॉर्डिंग शक्यतो थेट साउंड मिक्सरवरून घेतलेलं मिळवा. कॅमेऱ्याच्या माइकमध्ये सभागृह घुमतं आणि तो घुमारा नंतर धड जात नाही. एसीची घरघर मात्र ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बरीच कमी होते. कुणी बोलत नसतानाचा तुकडा नमुना म्हणून निवडायचा आणि नॉइज रिडक्शन लावायचं. पण बेतानं, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. आवाजाची पातळी ॲपल पॉडकास्टच्या शिफारशीप्रमाणे उणे १६ एलयूएफएसच्या आसपास ठेवा.

वक्त्याची लेखी परवानगी संपादनाला बसण्याआधीच घ्या. मध्ये एखादं सिनेमाचं गाणं वाजलं असेल तर ते कापा, त्याचे हक्क बहुधा वक्त्याकडेही नसतात.