पडक्या गोठ्याचे कोठार : आधी भार उतरवा

मराठवाड्यातील गावोगावी माळवदाचे जुने गोठे ओस पडलेले दिसतात. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि गोठ्यांची निगा थांबली. तथापि अशा इमारतीचे खांब व तुळया पुष्कळदा शाबूत असतात. तिचे धान्य व बियाणे ठेवण्याचे कोठार केल्यास नव्या बांधकामाचा बराच खर्च वाचतो. मात्र रंगसफेदीपूर्वी इमारतीचा भार पाहणे अगत्याचे आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे दगावली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती व वरचे जड माळवद हे त्या हानीचे मोठे कारण होते. भिंतीचे आतील व बाहेरील थर परस्परांस बांधलेले नव्हते. हादऱ्यासरशी ते सुटे झाले. अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, परंतु लाकडी सांगाडा उभा राहिला.

गळती थांबविण्यासाठी माळवदावर दरसाल माती टाकली जाते व भार वाढत जातो. म्हणून दुरुस्ती पुढील क्रमाने करावी :

१. तुळयांना टेकू देऊन माती सर्व बाजूंनी सारखी उतरवावी. थर सुमारे २० सेंटिमीटरहून अधिक ठेवू नये.

२. कुजलेले वा वाळवी लागलेले लाकूड बदलावे. खांब व तुळई यांच्या कोनांत तिरपे आधार पक्के बसवावेत.

३. पोट सुटलेली भिंत उतरवून पुन्हा रचावी. रचताना भिंतीच्या दोन्ही अंगांस पोचणारे लांब दगड घालावेत. उभ्या भिंतीत दर मीटरला हलक्या हाताने आरपार भोक पाडून, आकड्याची सळई घालून काँक्रीट भरावे.

४. पावसाचे पाणी पायापासून दूर काढावे. उंदरांची बिळे बुजवून जमीन पक्की करावी व भिंतींस चुना द्यावा.

कोठारात पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. दाताखाली कट्‌कन फुटेल इतके वाळलेले धान्यच आत न्यावे.

हे काम रब्बीची रास घरी आल्यावर, मृगापूर्वी उरकावे. ग्रामसेवकांनी गावातील जाणत्या सुतार-गवंड्यांसह अशा इमारतींची पाहणी करावी. भार उतरेपर्यंत तेथे कोणासही निजू देऊ नये.