लाटेआधी तळ मोजावा

१९३० च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा लाटरोधक बांध लाटांनी फोडला. आसपासचा समुद्र मात्र फारसा खवळलेला नव्हता, त्यामुळे या नुकसानीचा उलगडा बरीच वर्षं होईना. तो मॉरो ओब्रायन या अभियंत्याने १९४० च्या दशकात केला. दुरून आलेल्या लांब लाटा समुद्रतळावरच्या उंचवट्यावरून जाताना वळल्या आणि भिंगातून गेलेल्या उन्हासारख्या नेमक्या बांधावर एकवटल्या. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. १० मीटर पाण्यात तो ताशी सुमारे ३५ किलोमीटर असतो. लाटेचं एक टोक उथळात मंदावलं आणि दुसरं खोलात धावत राहिलं की अख्खी लाट वळते. तेव्हापासून या गणिताची जी वाटचाल झाली ती पाहता माझं मत असं झालं आहे, की संगणकाने त्याला बळ दिलं, पण त्याचा खरेपणा नेहमी मोजमापावर टिकून राहिला. आणि मोजमापाकडेच आपलं सर्वांत कमी लक्ष आहे.

सुरुवात तर संगणकाविनाच झाली. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवायचं तर लाटांची उंची आधी कळायला हवी होती. हाराल्ड स्वेर्ड्रुप आणि वॉल्टर मंक यांनी वाऱ्यावरून लाटांचा अंदाज बांधण्याची रीत बसवली. १९४४ च्या नॉर्मंडीच्या स्वारीत ती वापरली गेली. १९४७ मध्ये मंक आणि ट्रेलर यांनी कॅलिफोर्नियातल्याच ला होयाजवळच्या पाण्याखालच्या घळींवरून लाटा कशा वळतात ते नकाशावर रेषा आखून दाखवलं: घळीच्या माथ्याशी लाटा लहान, दोन्ही बाजूंना मोठ्या. हे जमलं, कारण फ्रान्सिस शेपर्ड यांनी त्या घळी आधीच बारकाईने मोजल्या होत्या.

यावर कुणी म्हणेल की हाताने आखलेल्या रेषांच्या मर्यादा संगणकानेच ओलांडल्या. ते खरंच आहे. रेषा एकमेकींना छेदतात तिथे ते जुनं गणित लाटेची उंची अमर्याद दाखवतं. शिवाय खरा समुद्र एकाच दिशेची, एकाच लांबीची लाट कधी आणत नाही. डेल्फ्टच्या विद्यापीठात तयार झालेलं आणि १९९९ च्या शोधनिबंधामुळे जगभर पोहोचलेलं ‘स्वान’ हे प्रारूप किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या प्रत्येक चौकटीत वेगवेगळ्या दिशांच्या आणि आवर्तनकाळांच्या लाटांची ऊर्जा मांडतं. वारा, तळाचं घर्षण आणि लाटांचं फुटणं यांचा हिशेब ठेवतं. हे हाताने कधीच झालं नसतं. पण त्यातला लाट फुटण्याचा नियम पाहा. बॅटजेस आणि यान्सेन यांनी तो १९७८ मध्ये मांडला. लाट खोलीच्या किती पट उंच झाली की फुटते, याचा रूढ आकडा ०.७३ हा प्रयोगशाळेतल्या आणि समुद्रावरच्या नोंदींतून आला आहे. निव्वळ सिद्धांतातून तो निघत नाही. नकाशा ३ मीटर खोली दाखवत असेल आणि प्रत्यक्षात वाळू साचून ती २ मीटर झाली असेल, तर प्रारूप दीड मीटरऐवजी सव्वादोन मीटरची लाट सांगेल. संगणक कितीही वेगवान असला तरी ही चूक त्याला दिसत नाही. नॉर्थ कॅरोलिनात डक इथे अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचं संशोधन केंद्र दशकानुदशकं लाटा आणि तळ दोन्ही मोजत आलं आहे. जगातली कितीतरी प्रारूपं तिथल्याच नोंदींवर पारखली गेली, ती त्यामुळेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तळ हलतो हे प्रारूपालाही शिकवता येतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘एक्सबीच’ वादळात वाळू कशी सरकते ते काढतं. मात्र त्याचीही सुरुवात मोजलेल्या तळापासूनच होते. उपग्रहाच्या चित्रांतल्या पाण्याच्या रंगावरून खोली काढता येते, पण पाणी नितळ असेल तरच. कोकणच्या पावसाळी गढूळ पाण्यात ती रीत चालत नाही. मला आशा वाटते ती किनाऱ्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यांची. त्यांनी टिपलेल्या लाटेच्या वेगावरून खोली काढण्याची पद्धत २०१३ मध्ये ‘सीबॅथी’ या नावाने पुढे आली, म्हणजे ओब्रायन यांचंच गणित उलट बाजूने. आपल्याकडे खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हे काम जाणणारे लोक आहेत. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था मच्छीमारांसाठी लाटांचा अंदाज देते. पण होडी खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर येते तेव्हा प्रश्न त्या दांड्यावर आज किती पाणी आहे याचा असतो, आणि दर पावसाळ्यात तो दांडा जागा बदलतो. म्हणून नव्या संगणकाइतकाच पैसा खाड्यांच्या मुखांची पावसाळ्याआधी आणि नंतर मोजणी करण्यावर खर्च व्हायला हवा.