फोन कधी ठेवायचा, हे ठरवणारी आज्ञा

जर्मनीत १९९०च्या दशकात आयएसडीएन ही डिजिटल फोनसेवा चांगलीच रुजली. एका साध्या जोडणीत सेकंदाला ६४ किलोबिटचे दोन बी चॅनेल आणि संकेतांसाठी १६ किलोबिटचे डी चॅनेल. लिनक्सवर इंटरफेस बनवणे, नंबर जोडणे, डायल करणे हा कारभार ‘आयएसडीएनसीटीआरएल’ आज्ञेकडे असे. ‘डायलमोड’ ऑटोवर असला की एखादे चुकार डीएनएस पॅकेटही फोन लावी आणि बिल चढू लागे. म्हणून सर्वांत मोलाची सेटिंग ‘हपटाइमआउट’ : ठरावीक सेकंद वाहतूक नसली की लाइन बंद. ‘चार्जहप’ त्याहून हुशार. लाइन रिकामी असेल तर बिलाचे पुढचे युनिट पडण्याच्या तोंडावर ती तोडी. ही आज्ञा ज्यावर चाले ते आयएसडीएन४लिनक्स २०१९मध्ये लिनक्स कर्नल ५.३मधून काढून टाकण्यात आले.