गटातली एक तरी वकील व्हावी



गेल्या वर्षी खेड तालुक्यातल्या आमच्या एका गटाची बैठक चालू होती. एका ताईंनी पिशवीतून कागद काढला. "एवढं वाचून सांगा. उद्या राजगुरुनगरला जाऊन सही करायची आहे." कागद हक्कसोडपत्राचा होता. सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला सही लागते, असं त्यांना सांगितलं होतं. त्या सहीनं चाकण रस्त्याला लागून असलेल्या जमिनीतला त्यांचा हिस्साच जाणार होता. आम्ही बीए झालेल्या. अक्षरं वाचली, पण ठामपणे काही सांगता येईना. शेवटी ओळखीच्या एका वकीलबाईंना फोन लावला.

त्यांनी सांगितलं ते असं. २००५च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. २००५ साली वडील हयात असायला हवेत, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी ते स्पष्ट केलं. हक्क सोडायचा की नाही, हे बहिणीनं ठरवायचं. पण दुय्यम निबंधकाकडे एकदा नोंद झाली की ती उलटवायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

याच चाकणजवळच्या आंबेठाणला राहून शरद जोशींनी शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली होती. नवऱ्यानं आपल्या हातानं बायकोच्या नावे जमीन करायची. तेव्हा इथे कांदा-बटाटा होता. आता कंपन्या, गोदामं आणि प्लॉटिंग आहे. जमिनीला भाव आला तसे बहिणींच्या सह्यांनाही भाव आला.

तर वकील व्हायचं कसं? दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी. दोन्हींसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. प्रश्न मराठीतही असतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. बारावीला किंवा पदवीला खुल्या गटासाठी ४५ टक्के लागतात, राखीव गटांना सवलत आहे. वयाची वरची अट नाही. पस्तिशीच्या बायका हे तीनदा विचारतात, म्हणून पुन्हा सांगतो: नाही.

दोन ठिकाणी मात्र फसायला होतं. घरबसल्या, पत्राद्वारे एलएलबी करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. कॉलेजात हजेरी लावून केलेल्या एलएलबीवरच सनद मिळते. दुसरं, मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण दहावी-बारावी न करता थेट पदवीला प्रवेश घेतला असेल तर बार कौन्सिलचा नियम आडवा येतो. आमच्या गटांत अशा काही जणी आहेत. त्यांनी आधी बारावी करावी की काय करावं, हे पैसे भरण्याआधी कॉलेजात विचारावं.

पैशाचं म्हणाल तर २०२४-२५पासून राज्य सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. प्रवेश सीईटीनंतरच्या कॅप फेरीतून घेतलेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा; सेतू केंद्रात ऐनवेळी रांग असते. पदवी झाली की बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचं. पूर्वी या सनदेला हजारो रुपये लागत. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोंदणी शुल्क खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही असं ठरवलं. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची.

ही सनद बायकांना सहज मिळालेली नाही. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याच्या परीक्षेला बसल्या. तिथे कायदा शिकलेली ती पहिली बाई. पण बायकांना वकिली करू देणारा कायदा आपल्या देशात १९२३ला आला. मधली तीस वर्षं त्यांनी पडद्यातल्या बायकांच्या जमिनी आणि वारसाहक्काचीच कामं पाहिली.

सनद हातात आली की लगेच पैसा येतो, असं आम्ही सांगणार नाही. पहिली दोन-चार वर्षं सीनियरच्या हाताखाली फायली वाहण्यात जातात, प्रवासखर्चही मुश्किलीनं सुटतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवलेलं बरं. पण आपल्या पट्ट्यात काम भरपूर आहे. प्लॉट आणि फ्लॅटच्या कर्जासाठी बँकांना सर्च रिपोर्ट लागतात. कंपन्यांना कामगार कायदे जाणणारी माणसं लागतात, आणि कंत्राटी कामगारांना पीएफसाठी, कामावरून काढल्याबद्दल दाद मागायला वकील लागतो. नोटरी व्हायला इतरांना दहा वर्षांची वकिली लागते, बाईला सात पुरतात. न्यायाधीश व्हायचं असेल तर २०२५च्या निकालानंतर तीन वर्षं वकिली करून मग एमपीएससीची परीक्षा द्यायची.

दहा किंवा जास्त माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी २०१३च्या कायद्यानं लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवी, आणि तिच्यात बाहेरची एक सदस्य हवी. ती महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली असते. म्हणजे त्या खुर्चीवर वकीलच हवी असं नाही. आपल्यातली एखादीही बसू शकते.

आणि शिक्षण राहून गेलेल्यांसाठी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमतं. लिहिता-वाचता येणारी, शक्यतो दहावी झालेली बाई चालते. प्रशिक्षण मिळतं, कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं. स्वतःची केस असेल तर बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. फोन नंबर १५१००, पैसे लागत नाहीत.

त्या ताईंनी दुसऱ्या दिवशी सही केली नाही. भाऊ दिवाळीला आला नाही, तेही सांगायला हवं. संक्रांतीला वहिनी तिळगूळ घेऊन आल्या आणि बोलणं सुरू झालं. वाटणीपत्राचा मसुदा सध्या त्याच वकीलबाईंच्या टेबलावर आहे.