जुना चाकू काय सांगतो?

पुसेगावच्या एका घरी जुन्या लाकडी पेटीत एक मिटता चाकू निघाला. पाते गंजलेले, मूठ काळ्या शिंगाची, आणि पाठीच्या बाजूला घडीत बसणारा, दाभणासारखा जाड लोखंडी टोच्या. "हा निजामाच्या काळातला, शिकारीचा चाकू," असे घरच्या मंडळींनी सांगितले. शाळेच्या संग्रहासाठी तो ठेवायचा होता आणि चिठ्ठीवर काय लिहायचे, असा प्रश्न गुरुजींनी मला विचारला.

अशा वस्तूबाबत तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात. ती कुठे बनली? केव्हा बनली? कशासाठी वापरली गेली? ती सापडली कुठे, हे या तिन्हींपैकी कशाचेच उत्तर नाही. 'चाकू' हा शब्दच पाहा. तो मराठीत फारसीतून आला आणि फारसीत तुर्की भाषांतून. उस्मानी तुर्कांच्या राज्याबरोबर तोच शब्द बाल्कन प्रदेशातही पोचला. बोस्नियात घडीच्या चाकूला 'चाकिया' म्हणतात, बल्गेरियात 'चेकिया'. नाव असे हजारो मैल प्रवास करते, तशी वस्तूही करते. बाल्कनमधल्या जुन्या पेटीत जर्मनीतील झोलिंगेनचा चाकू निघू शकतो, तसा मराठवाड्यातल्या पेटीत इंग्लंडमधील शेफील्डचा.

रचना

मिटत्या चाकूचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात पाते केवळ रिबिटाभोवती फिरते आणि घर्षणामुळे जागेवर राहते. हा कोणताही कुशल लोहार करू शकतो. दुसऱ्यात मुठीच्या पाठीत पोलादाची लवचीक पट्टी असते. पात्याचे बूड चौकोनी असते. पाते फिरवताना बुडाचा कोपरा पट्टीला उचलतो, पट्टीत स्थितिज ऊर्जा साठते, आणि कोपरा ओलांडताच पट्टी खाली येऊन पाते 'टक्' आवाज करून बसते. अशा पट्टीचे पोलाद तापवून, पाणी देऊन, पुन्हा बेताने तापवावे लागते. पहिल्या तापवण्याने कठीणपणा येतो, दुसऱ्याने ठिसूळपणा जातो. पुसेगावच्या चाकूला अशी पट्टी आहे. यावरून तो चांगल्या कारखान्यातला असावा एवढाच तर्क करता येतो, गाव ठरत नाही.

साहित्य

साहित्यावरून काळाची एक बाजू बांधता येते. गंज न चढणारे क्रोमियमयुक्त पोलाद शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 साली तयार केले. तेव्हा तशा पात्याचा चाकू त्याआधीचा असू शकत नाही. मूठ सेल्युलॉइडची असेल तर ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आधीची नव्हे. सेल्युलॉइड कापडाने चोळले की कापराचा वास येतो. तापलेली सुई लावून मात्र परीक्षा करू नये, कारण सेल्युलॉइड भडकन पेटते. हाडाच्या मुठीवर भिंगातून बारीक काळे ठिपके व रेघा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नलिका होत. शिंगात त्या नसतात, थर व तंतू दिसतात.

उलट दिशेने मात्र असा तर्क चालत नाही. गंजणारे पोलाद 1913 नंतरही सर्रास वापरले गेले. म्हणून आपल्या चाकूचे गंजलेले पाते काळाबद्दल काहीच सांगत नाही.

ठसा

पात्याच्या बुडाशी बहुधा ठसा असतो. मुकुट आणि 'व्ही आर' ही अक्षरे म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा काळ, 1837 ते 1901. पण ठशावर आंधळा विश्वास ठेवू नये. शेफील्डच्या नावाचे खोटे ठसे परदेशी मालावर इतके पडू लागले, की 1887 साली ब्रिटनला त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

आमच्या चाकूवरचा गंज घासून काढण्याचा मोह आम्ही टाळला. केवळ तेलाचा बोळा फिरवला आणि बॅटरीचा प्रकाश तिरका पाडला. सावल्यांमुळे उथळ खुणाही उठून दिसतात. रुंद फाळाचा एक बाण दिसला आणि त्याखाली '191', पुढचा आकडा गेलेला. हा बाण ब्रिटिश सरकारी मालाची खूण आहे.

वापर

आता आकाराकडे पाहू. पात्याची धार सरळ आहे आणि पाठ टोकाशी उतरत येऊन धारेला मिळते. म्हणजे भोसकण्याजोगे अणकुचीदार टोक नाही. दोर कापायला असे पाते सोयीचे. जाड टोच्या दोराच्या घट्ट गाठी सोडवण्यासाठी असतो. बोरू तासण्याचा चाकू लहान व पातळ पात्याचा असतो, फांद्या छाटण्याचा आत वळलेला. तेव्हा हा शिकारीचा नव्हे, सैनिकाच्या सामानातला कामाचा चाकू.

हिंगोलीला निजामाच्या खर्चाने पोसलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद काँटिन्जन्ट फौजेची छावणी होती. पलटन, रिसाला, तोफखाना ही शहरातील वस्त्यांची नावे आजही तिची आठवण देतात. चाकू तिथलाच, असे लिहून टाकण्याचा मोह होतो. परंतु ती फौज 1903 साली भारतीय सैन्यात विलीन झाली आणि चाकू 1910 ते 1919 या दशकातला आहे. म्हणजे काँटिन्जन्टच्या शिपायाबरोबर तो आला नाही. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या कोणा सैनिकाबरोबर आला, की नंतर विकल्या गेलेल्या सरकारी मालातून, हे चाकू सांगत नाही. ते घरातल्या वृद्धांना विचारावे लागेल, आणि ते लवकर विचारायला हवे.

चिठ्ठीवर शेवटी असे लिहिले: 'ब्रिटिश सरकारी चाकू, 1910 ते 1919, दोरकामासाठी. पुसेगाव येथे मिळाला.' "निजामाच्या काळातला" हे घरच्यांचे म्हणणे खरे ठरले, "शिकारीचा" हे नाही.

वर्गात हाच अभ्यास चाकूऐवजी अडकित्ता, कुलूप किंवा वजनमापे घेऊन करावा. प्रत्येक विद्यार्थ्याने कागदाच्या एका बाजूला 'दिसते ते' आणि दुसऱ्या बाजूला 'त्यावरून वाटते ते' लिहावे. आणि एक पथ्य पाळावे: जुनी वस्तू मिळाल्यावर ती घासूनपुसून लख्ख करू नये. आमच्या चाकूवर एकदा खरकागद फिरला असता, तर बाणही गेला असता आणि सालही. मग चिठ्ठीवर 'शिकारीचा चाकू' हेच राहिले असते.